दगडी पुन्हा पुन्हा येतेय? औषधाआधी धार बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फलटण भागातल्या एका गोठ्यात ११ संकरित एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गायी आहेत, त्यातल्या ८ दुधात. दिवाळीला मिल्किंग मशीन घेतलं. तेव्हापासून सहा-सात महिन्यांत चार गायींना दगडी, म्हणजे कासेला सूज येऊन दूध बिघडण्याचा आजार (मस्टायटिस) झाला, दोघींना तर दोनदा. डॉक्टर येतात, तीन ते पाच दिवस इंजेक्शनं होतात, सडात औषधाच्या ट्यूबा सोडतात, दुधातल्या गाठी जातात, दूध साफ होतं. वीस-पंचवीस दिवसांनी पुन्हा तोच सड. एकीचा मागचा डावा सड आता बंदच पडलाय. डेअरीवर एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, ८.५ वरून ८.१-८.२ वर आलंय आणि दराला कात्री लागलीय. विचारलंय ते असं: "यावर सगळ्यात जबरदस्त अँटिबायोटिक कोणतं? आणि बंद पडलेला सड पुढच्या वेताला उघडेल का?"

बावीस वर्षं पशुवैद्यक म्हणून गोठ्यागोठ्यांतून फिरतोय, आणि यातली निम्मी वर्षं तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी औषधाचं नाव सांगून देत होतो. आता देत नाही. सडाच्या प्रश्नाकडे शेवटी येतो, त्याला सरळ उत्तर आहे.

तुम्ही "चार गायींना दगडी झाली" असं मांडलंय. मला ते एकच दुखणं वाटतंय, मशीनवर बसून चार गायी फिरून आलेलं. तारखा बघा: मशीन आलं, आणि मग सुरू झालं. यात मशीनचाच दोष आहे असं मी म्हणत नाही. पण आठ गायींचे बत्तीस सड रोज दोनदा ज्या चार रबरी नळ्यांमध्ये जातात, त्या नळ्यांनी काय काय इकडून तिकडे नेलं असेल याचा विचार आधी करायला हवा.

एसएनएफचा आकडा तर आणखी पुढचं सांगतो. आजारी गायींचं दूध तुम्ही बाजूला काढत असाल, तर कॅनमध्ये जातंय ते "चांगल्या" गायींचं दूध. तेच हलकं झालंय. कासेला सूज असली की दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, कमी तयार होते, केसीन घटतं आणि रक्तातलं मीठ दुधात उतरतं. लॅक्टोज आणि प्रथिनं दोन्ही एसएनएफमध्येच मोजली जातात, म्हणून काटा घसरतो. उन्हाळ्यात हिरवा चारा कमी पडतो, गाय खाणं सोडते, त्यानेही एसएनएफ उतरतं हे मान्य. पण एवढी दगडी झालेल्या गोठ्यात एसएनएफ पडलं, तर मी आधी सुप्त दगडी शोधतो. म्हणजे कास मऊ, दूध दिसायला पांढरंशुभ्र, गाय मजेत, आणि आत सूज चालूच. अशा गाईकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि बाकीच्यांत रोग तीच पसरवत असते.

आता जंतूंचं थोडं. दगडी करणाऱ्या जंतूंची यादी लांबलचक आहे, पण गोठ्यात काम करताना मी त्यांचे दोनच कळप मानतो. पहिला कळप गाईच्या कासेतच राहतो आणि धार काढताना हात, फडकं, मशीन यांवरून दुसरीकडे जातो. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टी हे यातले दोन मुख्य. दुसरा कळप शेणात, ओल्या मातीत, मूत साचलेल्या कोपऱ्यात राहतो: ई. कोलाय, क्लेब्सिएला वगैरे. हा दोन धारांच्या मधल्या वेळेत, गाय घाणीत बसली की सडात शिरतो.

दोघांची चाल वेगळी. शेणातला जंतू बहुधा धडाक्याने येतो. नुकती व्यालेली गाय सकाळी ठीक, संध्याकाळी ताप, कास फुगलेली, दुधाऐवजी पिवळसर पाणी. बरी झाली तर पूर्ण बरी होते, नाहीतर दोन दिवसांत हातची जाते. कासेत राहणारा जंतू मात्र चिवट. थोड्या गाठी, थोडी सूज, औषधाने दबतो, महिन्याने त्याच सडात डोकं वर काढतो. तुम्ही लिहिलेलं वर्णन या कासेतल्या जंतूला तंतोतंत बसतं. तरी नमुना तपासल्याशिवाय नाव घेणार नाही, कारण नुसत्या अंदाजावर मी स्वतः चांगलाच आपटलोय.

ती गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्याची गोठ्यातली सगळ्यात दुधाळ गाय होती, तिसऱ्या वेताची, उजव्या बाजूचा पुढचा सड सतत बिघडायचा. मी एक अँटिबायोटिक दिलं, मग दुसरं, मग त्याहून महागडं. सडात ट्यूबा सोडल्या. मध्ये मी नसताना घरच्यांनीही दोन सोडल्या, सडात घालायची तीच दुधाची नळी पुसून पुन्हा वापरून. महिना गेला. शेवटी वैतागून दूध प्रयोगशाळेत पाठवलं, तर अहवालात जंतू नव्हताच, यीस्ट निघालं. म्हणजे बुरशी, जिच्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. उलट सततच्या अँटिबायोटिकने तिला रान मोकळं मिळालेलं, आणि नळीने ती आत नेऊन सोडलेली. मी सगळी औषधं थांबवली आणि तो सड दिवसातून पाच-सहा वेळा रिकामा करायला सांगितला. सुधारला. नमुना पहिल्या आठवड्यात पाठवला असता तर शेतकऱ्याचे पैसे वाचले असते, माझी अब्रूही.

म्हणून पहिलं काम: औषध सुरू करण्याआधी दुधाचा नमुना. तुमच्या डॉक्टरांना सांगा, "कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी करायचीय," म्हणजे जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघायचंय. पुण्याला औंधची पशुरोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, तुमच्या जवळ शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. काही दूध संघही तपासणी करून देतात, चौकशी करा. जंतू वाढवून बघायचा असल्याने निकालाला दोन-तीन दिवस लागतात, तेवढा धीर धरावा लागेल.

नमुना नीट घेतला नाही तर अहवालात शेणातले जंतू येतात आणि सगळेच फसतात. सड धुऊन पूर्ण कोरडा करायचा. मग स्पिरिटच्या बोळ्याने टोक पुसायचं, बोळा मळका निघायचा थांबेपर्यंत. पुसताना आधी पलीकडचे दोन सड पुसायचे, मग अलीकडचे. दूध घेताना उलट, आधी अलीकडचे आणि मग पलीकडचे. असं केलं की पुसलेल्या सडाला आपलं मनगट लागत नाही. पहिल्या तीन-चार धारा सोडून द्यायच्या, निर्जंतुक बाटली आडवी-तिरकी धरायची, झाकणाचा आतला भाग कशाला टेकवायचा नाही, दोन-चार धारा घेऊन झाकण लावायचं. प्रत्येक सडाची वेगळी बाटली, वर गाईचा बिल्ला नंबर आणि सड. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. एक लक्षात ठेवा, स्टॅफ ऑरियस रोज सारखा बाहेर पडत नाही. एकदा नमुना "काही नाही" असा आला आणि गाय तर पुन्हा पुन्हा बिघडतेय, तर आठवड्याने परत पाठवा.

नमुना कोणाकोणाचा पाठवायचा? आठही गायींचे बत्तीस सड पाठवायचे नाहीत, परवडणार नाही. आधी गोठ्यातच चाळणी लावा. सीएमटीचा (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टचा) संच औषधाच्या दुकानात मिळतो, चार खणांची पांढरी ताटली आणि जांभळट द्राव. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५७ साली ही चाचणी निघाली आणि इतक्या वर्षांत तिच्याइतकी स्वस्त आणि कामाची दुसरी मला सापडलेली नाही. संच नसेल तर अर्ध्या लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा, तेही चालतं. जेवढं दूध तेवढाच द्राव खणात घ्यायचा आणि ताटली दहा-पंधरा सेकंद हळूहळू गोल फिरवायची. चांगलं दूध पाण्यासारखं फिरत राहतं. बिघडलेल्या सडाचं दूध शेंबडासारखं घट्ट होतं, जास्त बिघडलेलं तर मध्यभागी गोळा होऊन बसतं. सूज आली की शरीर पांढऱ्या पेशी कासेत धाडतं. साबण त्या पेशी फोडतो आणि त्यांतला डीएनए तारा धरतो. निरोगी सडात मिलिलिटरला एक लाखाच्या आत पेशी असतात, दोन लाखांच्या वर गेल्या की सड बिघडला असं धरतात. नुकत्या व्यालेल्या गाईचं पहिल्या चार-पाच दिवसांचं दूध आणि आटत आलेल्या गाईचं दूध या चाचणीत उगाच घट्ट येतं, त्यावरून घाबरू नका.

उद्या सकाळी आठही गायींचे सगळे सड असे तपासा आणि वहीत लिहा. भिंतीवर कोळशाने लिहिलं तरी चालेल, पण लिहा. माझा अंदाज, ज्या चार गायींना कधीच दगडी झाली नाही त्यांच्यातही एक-दोन सड घट्ट निघतील. मग सगळ्यात घट्ट आलेल्या पाच-सहा सडांचे नमुने प्रयोगशाळेत.

आता धार. माझा एक रिवाज आहे. दगडीची तक्रार वारंवार आली की मी इंजेक्शनं न घेता पहाटे पाचला जाऊन बसतो, बोलत काही नाही. एका गोठ्यात असाच बसलो होतो. धार काढणारा पोरगा कामाला वाघ, पण त्याच्या खांद्यावर एक फडकं होतं. त्या एका फडक्याने त्याने दहा गायींच्या कासा पुसल्या. फडकं बादलीत बुचकळायचा, पिळायचा, पुढच्या गाईला. मध्येच बोटं दुधात बुडवून सड ओले करायचा, म्हणजे हात सरकतो. दगडी झालेली गाय रांगेत तिसरी उभी होती, आणि तिच्यानंतर सात. मालक मला विचारत होता की लस मिळते का. त्या पोराला कुणी काही शिकवलंच नव्हतं, चूक त्याची नव्हती. दर गाईला वेगळा कागद किंवा वेगळं धुतलेलं फडकं, आणि रांग बदलली, एवढ्यानेच त्या गोठ्यातली नवी प्रकरणं कमी झाली.

रांग म्हणजे हे: पहिल्या वेताच्या गायी आधी, मग सीएमटीत साफ निघालेल्या, मग घट्ट निघालेल्या, आणि औषध चालू असलेली सगळ्यात शेवटी, शक्यतो हाताने आणि वेगळ्या बादलीत. तुमच्याकडे एकच क्लस्टर, म्हणजे सडांना लावायचा चार कपांचा जोड, असेल तर ही रांग म्हणजे निम्मं औषध आहे. गायींना सवयीची जागा सोडायला आठवडा लागतो, तोवर शिव्या द्याल, मग जमेल.

धारेआधी प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या ताटलीत किंवा काळं कापड ताणलेल्या वाटीत काढा. गाठी तिथेच दिसतात. जमिनीवर किंवा तळहातावर काढू नका, आपण हातानेच रोग पुढे नेतो. ज्या गाईची धार हाताने काढता तिथे पूर्ण मुठीने काढा. अंगठा दुमडून त्याच्या पेरावर सड दाबायची जी सवय आहे, तिने सडाच्या आतलं अस्तर चिरडतं.

मशीनचं बोलू. लायनर, म्हणजे सडावर बसणारं रबर, शेवटचं कधी बदललं? बहुतेक जण फाटेपर्यंत वापरतात. रबरी लायनरचं आयुष्य साधारण २५०० धारा. तुमच्या ८ गायी दोन वेळा म्हणजे दिवसाला १६, एका क्लस्टरवर हिशेब केला तर १५६ दिवस. दिवाळीला घेतलेलं रबर केव्हाच संपलंय! बाहेरून धड दिसतं, आतून बोट फिरवलं तर खरखरीत लागतं, त्या भेगांत दूध आणि जंतू बसतात. ते लूजही पडतं, मग धार चालू असताना सडाजवळ फुस्स आवाज येतो. तो आवाज म्हणजे हवा आत शिरून दुधाचे थेंब उलट सडाच्या टोकावर आपटतायत, एका सडाचे दुसऱ्यावर. मशीनवाला आला की व्हॅक्यूम बघून घ्या, बादलीच्या मशीनला ४० ते ४५ किलोपास्कलच्या आसपास असावा. पल्सेटर, म्हणजे रबराला दाब-सोड करायला लावणारा भाग, तुम्ही स्वतः तपासू शकता: लायनरमध्ये अंगठा घालायचा, मिनिटाला साठच्या जवळपास दाब यायला हवेत. आणि दूध संपल्यावर "अजून पावशेर निघेल" म्हणून क्लस्टर लोंबकळत ठेवू नका. गायींच्या सडाची टोकं बघा. टोकाला पांढरं खरखरीत कडं आलं असेल तर व्हॅक्यूम जास्त आहे किंवा मशीन जास्त वेळ लागतंय. क्लस्टर काढताना आधी व्हॅक्यूम बंद, मग काढायचं. ओढून काढणारे बरेच आहेत.

धार झाली की सड बुडवणं, म्हणजे टीट डिप. अर्धा टक्का आयोडीनचा द्राव सहा भाग आणि ग्लिसरीन एक भाग, ग्लिसरीन अशासाठी की सड फुटत नाहीत. छोट्या कपात घेऊन सड पूर्ण बुडवायचा, फवारा मारला तर एक बाजू कोरडी राहते. कपातलं उरलेलं परत बाटलीत ओतू नका. मशीन काढल्यापासून पहिल्या मिनिटात हे व्हायला हवं, कारण धार झाल्यावर सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास तरी पूर्ण मिटत नाही. त्याच कारणाने वैरण आणि खुराक धारेनंतर टाका, गाय उभी राहील. धारेआधी खायला घालून नंतर सोडून दिली की ती ओल्या शेणात जाऊन बसते, सडांची तोंडं उघडी असतानाच. मुक्तसंचार गोठा असेल तर पावसाळ्याआधी पाण्याच्या टाकीभोवतीचा चिखल तेवढा मिटवा, मुरूम टाका.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये रेडिंगच्या दुग्ध संशोधन संस्थेतल्या लोकांनी पाच कलमी कार्यक्रम बसवला: धारेनंतर सड बुडवा, गाय आटवताना, म्हणजे व्यायच्या आधी धार बंद करताना, ट्यूब सोडा, दगडीवर लगेच उपचार करा, मशीन नीट ठेवा, आणि बरी न होणारी गाय कळपातून काढा. साठ वर्षं झाली, याच पाच गोष्टी अजून चालतात. पाचवी मात्र आपल्याकडे सोपी नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा कायदा आहे. मग लोक गाय बाजारात विकतात, म्हणजे तोच जंतू दुसऱ्याच्या गोठ्यात. तुम्ही नवी गाय घ्यायला जाल तेव्हा पावडरीची बाटली खिशात ठेवा. विकणारा कितीही गोड बोलो, चारही सडांचं दूध ताटलीत घेऊन बघा. जुनाट गाय ठेवायचीच असेल तर ती रांगेत कायम शेवटी, आणि तिचं दूध कालवडींना पाजायचं नाही.

आता तुम्ही ज्याची वाट बघताय ते, अँटिबायोटिक. "जबरदस्त" असा औषधाचा गुण नसतो, जंतूला लागू पडतं की नाही एवढाच असतो. स्ट्रेप ॲगॅलॅक्टी निघाला तर साध्या पेनिसिलिनच्या ट्यूबने सुरेख बरा होतो. अशा वेळी महागडं इंजेक्शन म्हणजे पैशाची राख. स्टॅफ ऑरियस निघाला तर गोष्ट वेगळी. तो कासेच्या आत छोटे गळू करून भिंत घालून बसतो, पेशींच्या आत लपतो, औषध तिथवर पोचत नाही. वरवरचे मेले की दूध साफ दिसतं, आपण खूश, आणि भिंतीआडचे महिन्याने बाहेर. तुमचं वीस-पंचवीस दिवसांचं चक्र असंच असावं. यात बरं होण्याची शक्यता गाईवर अवलंबून आहे: पहिल्या-दुसऱ्या वेताची, एकच सड, तोही पुढचा, आणि दुखणं ताजं, तर सेन्सिटिव्हिटीत आलेलं औषध सडात जास्त दिवस देऊन बघण्यात अर्थ आहे. पाचव्या वेताची, दोन-तीन सड, सहा महिन्यांचं जुनं, कासेत हाताला गाठी लागतात, तर दुधात असताना औषधावर पैसे घालू नका. तिला लवकर आटवा.

अँटिबायोटिकचं दूध डेअरीला जाऊ देऊ नका, ट्यूबच्या खोक्यावर किती दिवस ते लिहिलेलं असतं. घरी तरी त्याचं दही लावून बघा, विरजणच लागत नाही, कारण विरजणातले जंतूही मरतात. सूज आणि दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅमसारखं औषध डॉक्टर देतील, ते घ्या, गाय खायला लवकर लागते. डायक्लोफिनॅक मात्र कुणी देत असेल तर नको म्हणा. ते टोचलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून २००६ सालीच ते जनावरांसाठी बंद झालंय, तरी माणसांची बाटली आणून टोचणारे भेटतात.

कोरफड-हळद-चुन्याचा लेप लावू का, हे पुढे कुणीतरी विचारेलच. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तो सांगितलाय: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, वाटून पातळ करून दिवसातून आठ-दहा वेळा कासेवर. मी स्वतः सुरुवातीच्या सौम्य दगडीत लावायला सांगतो, सूज उतरायला मदत होते. दर वेळी आधीचा लेप धुऊन, धार पूर्ण काढून मगच नवा लावायचा, आणि तेवढ्या वेळा सड रिकामा करायचा. फायदा बराचसा त्यानेच होत असावा असा मला संशय आहे. पण गाय खात नाही, कान थंड, डोळे खोल, दूध पाण्यासारखं, किंवा कास निळसर आणि हाताला गार लागतेय, तर लेपाच्या भानगडीत पडू नका. ते जंतूंचं विष रक्तात गेल्याचं लक्षण आहे, तासांचा खेळ असतो, सलाईन लागते. रात्र असली तरी डॉक्टरला उठवा. तुमचे डॉक्टर मिळत नसतील तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा नंबर फिरवून बघा.

आटवण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, आणि तुमच्या गोठ्याची किल्ली मला तिथेच दिसतेय. जुनाट सड बरे करायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे भाकड काळ. दूध नसल्याने औषध कासेत आठवडेच्या आठवडे टिकतं, आणि दूध फेकावं लागत नाही. व्यायच्या साठ दिवस आधी आटवा. पंधरा लिटरच्या वर देत असेल तर आठवडाभर आधी खुराक कमी करा, पाणी तोडू नका. मग एक दिवस ठरवून शेवटची धार पूर्ण काढा आणि तिथून बंद. एक दिवसाआड, दोन दिवसांआड असं आटवत बसलं की सडाचं तोंड सारखं उघडतं. शेवटच्या धारेनंतर टोकं स्पिरिटने पुसून चारही सडांत भाकड काळासाठीची वेगळी ट्यूब मिळते ती सोडायची, ट्यूबचं टोक जेमतेम आत, खोल खुपसायचं नाही. मग सड बुडवायचे. पुढचे दोन आठवडे रोज लांबून कास बघायची, सड पिळून बघायचा नाही. पहिले दोन आणि व्यायच्या आधीचे दोन आठवडे नव्या दगडीला सगळ्यात जास्त वाव असतो, तेव्हा तिला कोरडी जागा द्या. तुमच्या आजारी चौघींपैकी ज्या सात महिन्यांच्या गाभण झाल्या असतील, त्यांच्यावर आत्ता इंजेक्शनं करण्याऐवजी त्यांना आटवायला घ्या.

क्रम सांगायचा तर: उद्या सकाळी ताटली, त्याच संध्याकाळपासून नवी रांग आणि सड बुडवणं, या आठवड्यात लायनर बदला आणि नमुने पाठवा, अहवाल येईपर्यंत नवं अँटिबायोटिक नाही. गाय खरंच आजारी पडली तर अर्थातच थांबायचं नाही, नमुना बाटलीत घेऊन लगेच उपचार सुरू.

राहिला बंद पडलेला सड. कास हाताने चाचपून बघा. तो भाग दुसऱ्या बाजूपेक्षा लहान, आक्रसलेला आणि आत टणक लागत असेल, तर दूध करणाऱ्या पेशींची जागा चट्ट्याने घेतलीय. तो उघडणार नाही, त्यावर एक रुपयाही घालू नका. नळी घालून "मोकळा" करून देणारे येतील, त्यांना गव्हाणीपासूनच परत पाठवा. पण भाग मऊ असेल, आकार बराचसा दुसऱ्या बाजूसारखा असेल, तर तिला नीट आटवा, पूर्ण भाकड काळ द्या. काही गायींचे असे सड पुढच्या वेताला कमी-जास्त दूध देताना मी पाहिलेत. व्याल्यावर आठवड्याने त्या सडाचं दूध ताटलीत घ्या, घट्ट आलं तर नमुना पाठवा. नाहीच उघडला तरी उरलेले तीन सड थोडं जास्त दूध देऊन बरीच भर काढतात. माझ्याच एका ओळखीच्या गोठ्यात तीन सडांची एक गाय सहाव्या वेताला आहे, आणि रांगेत ती सगळ्यात शेवटी उभी असते.